वर्गणी वेगळी, जकात वेगळी : कागल एमआयडीसीतल्या छोट्या सेवा मंडळाचा पैसा कसा चालावा

कारखान्यांच्या वसाहतीत सेवा मंडळ सुरू होतं ते बहुतेक वेळा एखाद्या अडचणीतून. कुणाचा हात प्रेसमध्ये सापडतो, कुणाच्या मुलाचं ऑपरेशन निघतं, परगावच्या एखाद्या कामगाराची मय्यत गावी पाठवायची असते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो, दोन दिवसांत पंधरा-वीस हजार जमतात, काम होतं. मग चार जण म्हणतात, दरवेळी हात पसरण्यापेक्षा कायमचं काहीतरी करू. नाव ठरतं, बॅनर छापला जातो, रमजानमध्ये राशन किट वाटले जातात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मंडळ गप्प होतं.

गप्प का होतं, याचं उत्तर ‘लोकांत जज्बा राहिला नाही’ असं दिलं जातं. मला ते पटत नाही. जज्बा असतोच. गडबड पैशाच्या मांडणीत असते. वर्गणी, सदका, जकात, कंपनीने दिलेली देणगी, सगळं एकाच्याच गुगल पे खात्यात जातं आणि तिथूनच बॅनरचे, पेट्रोलचे, औषधाचे, चहाचे पैसे निघतात. खजिनदार प्रामाणिक असतो, पण कुणी विचारलं की त्याला उत्तर देता येत नाही. एकदा शंका आली की पुढच्या रमजानला लोक पैसे देत नाहीत, खजिनदारही रागाने सोडून जातो. म्हणून हा लेख पैशाबद्दलच आहे.

आधी जागेबद्दल थोडं. कागल-हातकणंगले औद्योगिक क्षेत्राला ‘पंचतारांकित’ म्हणतात ते एमआयडीसीच्या वर्गवारीमुळे. नागपूरजवळचं बुटीबोरी, छत्रपती संभाजीनगरजवळचं शेंद्रा हीही त्याच वर्गातली. इथे फाउंड्री आहेत, मशिन शॉप आहेत, कापडाचे मोठे कारखाने आहेत. कामगार कागल, कसबा सांगाव, हुपरी, रेंदाळ, तळंदगे, पट्टणकोडोली इथून येतात, सीमेपलीकडून निपाणी-चिकोडीकडून येतात, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे खोल्या घेऊन राहतात. तीन पाळ्या चालतात. म्हणजे रविवारी सकाळी सगळे एकत्र बसतील ही अपेक्षाच इथे चुकीची. गावातल्या जमातीच्या कमिटीचा साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. सगळे भेटतात ते जुम्म्याला, तेही पाळीतून सुटी मिळाली तर.

पैशाचे तीन खिसे

सेवा क्लब ही कल्पना जगात जुनी आहे. रोटरी 1905 साली आणि लायन्स 1917 साली, दोन्ही शिकागोत सुरू झाले. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही त्यांच्या शाखा दिसतात. त्यांच्या जेवणावळी आणि पदग्रहण समारंभ आपल्याला घ्यायचे नाहीत. घ्यायचा आहे तो लायन्सचा एक नियम. त्यांच्याकडे क्लबला दोन निधी वेगळे ठेवावे लागतात. सभासदांच्या फीमधून प्रशासकीय निधी, त्यातून क्लबचा स्वतःचा खर्च. जनतेकडून जमवलेल्या पैशाचा सेवा निधी, तो परत जनतेच्याच कामाला. लोकांकडून कार्यक्रम करून पैसे जमवले तर त्या कार्यक्रमाचा थेट खर्च वजा करता येतो, पण क्लबच्या बैठकीचा चहा त्या पैशातून पिता येत नाही.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. जकातीचा हिशेब वेगळा ठेवणं हे तर आपल्या दीनमध्येच आहे. जकात कुणाला द्यायची त्याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत ठरवून दिलेले आहेत. हनफी मसलकात त्यासोबत तमलीकची अट आहे, म्हणजे हक्कदार माणसाला त्या रकमेचा किंवा वस्तूचा मालक करून द्यावं लागतं. म्हणून जकातीतून हॉल बांधणं, शिबिराचा मंडप घालणं, मंडळाच्या मालकीची रुग्णवाहिका घेणं यावर उलमा हरकत घेतात. मंडळातली मुलं चांगल्या हेतूने नेमकं हेच करतात, आणि पुढे कुणीतरी मस्जिदीत विचारतं, ‘माझी जकात अदा झाली का?’

म्हणून छोट्या मंडळानेही तीन खिसे करावेत. पहिला सभासदांच्या मासिक वर्गणीचा. त्यातून छपाई, प्रवास, नोंदणी, ऑडिटची फी. दुसरा देणगी आणि नफ्ली सदक्याचा. त्यातून शिबिरं, साहित्य, सर्व धर्मांच्या रुग्णांना मदत. तिसरा जकात आणि फित्र्याचा, ज्यातला प्रत्येक रुपया एखाद्या हक्कदार माणसाच्या हातात जातो आणि वहीत त्याची नोंद राहते. नोंद ठेवायची, पण त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. राशन किट घेताना बाईचा चेहरा दाखवणारे फोटो बंद झाले, तर मदत मागायला येणाऱ्यांची संख्या वाढेल, असं मला वाटतं.

बँकेचा एक प्रश्न हमखास येतो. बचत खात्यावर व्याज जमा होतं, त्याचं काय करायचं? सोपा उपाय म्हणजे चालू खातं काढणं, त्यावर व्याज मिळत नाही. तरी कुठून आलंच तर ते चौथ्या ओळीत वेगळं लिहून ठेवा आणि सवाबची नियत न करता कसं काढायचं ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा.

जकातीचा निसाब सोन्यात 87.48 ग्रॅम, चांदीत 612.36 ग्रॅम धरला जातो. म्हणजे साडेसात तोळे आणि साडेबावन्न तोळे. एमआयडीसीच्या कुशीलाच चांदीच्या दागिन्यांचं हुपरी आहे, त्यामुळे चांदीचा आजचा भाव विचारायला आपल्याला लांब जावं लागत नाही. रमजान सुरू होण्याआधी तो भाव विचारून निसाबची रक्कम रुपयांत काढून नोटीस बोर्डावर लावली, तर आपल्यावर जकात आहे की नाही हे अनेक कामगारांना पहिल्यांदा कळेल. घरात बायकोचे दागिने, खात्यावर थोडी शिल्लक, आणि ‘आपण कुठले साहिबे निसाब’ असं म्हणणारे बरेच असतात.

चामड्यांच्या जमेवर मात्र आता भिस्त ठेवू नका. बकरी ईदच्या चामड्यावर एके काळी मदरशांचा वर्षाचा मोठा खर्च निघायचा. गेल्या काही वर्षांत भाव इतके पडले आहेत की गोळा करण्याचा, मीठ लावण्याचा आणि टेम्पोचा खर्चही निघेल याची खात्री नसते.

इचलकरंजीने काय केलं

एमआयडीसीतून हुपरीमार्गे थोडं पुढे गेलं की इचलकरंजी. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, तिथल्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये 36 लाख रुपये जमवले आणि त्यातून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात, म्हणजे आयजीएममध्ये, दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. देशभर बातमी झाली. त्या दिवसांत आपल्या समाजाबद्दल टीव्हीवर काय काय चाललं होतं ते आठवत असेल, तर या बातमीचं वजन कळेल.

पण शिकण्यासारखी गोष्ट बातमीच्या पलीकडे आहे. समाजाने स्वतःचं हॉस्पिटल काढलं नाही. जे शासकीय रुग्णालय आधीच चालू होतं, ज्याला इमारत, डॉक्टर, नर्स, वीज सरकारकडून मिळत होती, त्यात नेमकं जे कमी होतं ते पुरवलं. पैसा एकदाच लागला. दरमहाचा बोजा समाजाच्या डोक्यावर आला नाही. आणि उपचार घेणाऱ्याला धर्म विचारायचा प्रश्नच नव्हता.

छोटी मंडळं इथेच फसतात. पहिलं स्वप्न असतं रुग्णवाहिकेचं. गाडी मिळतेही, कुणी दानशूर देतो. मग ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर, सर्व्हिसिंग. रात्री दोन वाजता फोन आला तर जायचं कोणी? दोन वर्षांत गाडी मस्जिदीच्या आवारात धूळ खात उभी असते. एकदाच लागणारा खर्च कोणता आणि कायम लागणारा कोणता, हा प्रश्न ठराव करण्याआधी विचारला पाहिजे.

समजा तुमच्या मंडळात तीस जण आहेत आणि दरमहा शंभर रुपये देतात. वर्षाला 36,000 होतात. इचलकरंजीच्या रकमेचा शंभरावा हिस्सा. त्यातून काय होईल? रुग्ण साहित्य केंद्र होईल. दोन व्हीलचेअर, चार वॉकर, कमोड चेअर, एक मागे-पुढे उचलता येणारा बेड, थोडं थोडं करत वर्ष-दोन वर्षांत जमतं. साहित्य अनामत घेऊन द्यायचं, परत आलं की अनामत परत. ज्याच्याकडे अनामतीलाही पैसे नाहीत त्याला कुणा सभासदाच्या जबाबदारीवर द्यायचं. पाय मोडलेल्या माणसाला वॉकर दीड-दोन महिनेच लागतो, नंतर तो माळ्यावर पडून असतो. तोच वॉकर वर्षात पाच-सहा घरं फिरू शकतो. अशा वापरलेल्या वस्तू मागितल्या तर लोक आनंदाने देतात, विकत घ्यायचीही वेळ येत नाही.

जमवण्यापेक्षा मिळवून देणं

माझ्या मते एमआयडीसीतल्या मंडळाचं सर्वांत मोठं काम पैसे जमवण्याचं नाहीच.

एखादा कामगार वारला की आपण वीस-पंचवीस हजार गोळा करून बेवा बाईच्या हातात देतो, डोळे पुसतो, परत येतो. पण त्या कामगाराचा पीएफ कापला जात असेल, तर त्याच्या कुटुंबाला ईडीएलआय नावाच्या विम्याची रक्कम मिळू शकते. कमाल मर्यादा 7 लाख रुपये. मरण्याआधी सलग बारा महिने नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही, हप्ता मालक भरतो, म्हणूनच पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. शिवाय पीएफची शिल्लक आणि बेवा व मुलांची पेन्शन वेगळी.

ईएसआयचंही तसंच. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो, कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसांना दरमहा मदत मिळते, आणि कफन-दफनाच्या खर्चासाठी 15,000 रुपये असतात. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी अंतिम जबाबदारी मूळ कंपनीची असते. ‘तो आमच्या रोलवर नाही’ हे गेटवर ऐकायला मिळणारं उत्तर कायद्यात टिकत नाही.

आता हिशेब करा. मंडळाने वर्षभर घाम गाळून जे जमवलं त्याच्या कित्येक पट पैसा एका कुटुंबाला फॉर्म नीट भरल्याने मिळतो. आणि तो हक्काचा असतो, त्यात कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. हे काम करायला दोन मुलं पुरतात, ज्यांना ऑनलाइन फॉर्म भरता येतो आणि जी पीएफ ऑफिसला दोन हेलपाटे मारायला तयार आहेत.

पण फॉर्म अडतो तो कागदावर. आधारवर ‘शेख मोहम्मद’ आणि पीएफमध्ये नुसतं ‘मोहम्मद’, स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी, नॉमिनी म्हणून लग्नाआधी टाकलेलं आईचं नाव. आपल्या नावांत हा घोळ जास्त होतो. माणूस जिवंत असताना ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते, गेल्यावर वारसांची दमछाक होते. म्हणून वर्षातून दोनदा, पगार झाल्यानंतरच्या जुम्म्याला, नमाजनंतर एक टेबल मांडायचं. प्रत्येकाने मोबाइलवर आपलं यूएएन उघडून नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी तपासायचा. ईएसआयचा नंबर आहे की नाही ते बघायचं. या कार्यक्रमाला खर्च शून्य. मंडप नाही, पाहुणे नाहीत, शाल नाही.

असंच दवाखान्याचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कोल्हापुरात सीपीआर आहेच. आधी ही दारं वाजवायची, उरलेल्या बिलासाठी जकातीकडे वळायचं. उलट केलं तर जकात बड्या हॉस्पिटलच्या बिलात जिरते, आणि गल्लीतली शिलाई करून जगणारी बेवा तशीच राहते.

रक्तदान, कारखान्याच्या वेळेत

रक्तदान शिबिर हा सगळ्या मंडळांचा आवडता उपक्रम. ईद-ए-मिलादला तर घ्यायचंच. पण एमआयडीसीत वेळ बघून घ्या. रात्रपाळी करून, न झोपता, न खाता आलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये. त्याला चक्कर आली तर पुढच्या वर्षी कुणी येत नाही. दाता 18 ते 65 वयाचा, किमान 45 किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन 12.5 किंवा अधिक असलेला लागतो. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं, महिलांना 120 दिवसांचं अंतर हवं.

एकाच दिवशी दोनशे बाटल्या काढून बातमी छापण्यापेक्षा वर्षात चार छोटी शिबिरं बरी, कारण रक्त साठवून ठेवण्यालाही मर्यादा आहे. तांबड्या पेशी साधारण पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. रोज्याच्या महिन्यात आपल्यातले दाते कमी होतात, हनफी उलमांच्या मते रक्त दिल्याने रोजा तुटत नसला तरी अशक्तपणा येतो. म्हणून एक शिबिर ईदनंतरच्या आठवड्यात ठेवावं. आणि रक्तपेढी परवानाधारक आहे ना, एवढं बघावं.

नोंदणी, परवानगी आणि कंपनीचा पैसा

‘आपण कुठं मोठे आहोत, नोंदणी कशाला’ असं म्हणणाऱ्यांना एक माहिती हवी. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती हीच. कायमचं काम करायचं असेल तर किमान सात जणांनी मिळून 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी आणि 1950 च्या कायद्याखाली ट्रस्ट म्हणून नोंद करावी. पुढे दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की फेरफार अहवाल वेळेत. छोट्या ट्रस्टी मंडळींची निम्मी भांडणं या न भरलेल्या फेरफार अहवालातून निघतात. ज्याचं नाव कागदावर राहिलं तो दहा वर्षांनी येऊन म्हणतो, संस्था माझी.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा नेटवर्थ 500 कोटी आहे, तिलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करण्याचं बंधन आहे. एमआयडीसीतल्या बहुसंख्य छोट्या युनिटना ते लागूच नाही. आणि संस्थेमार्फत खर्च करायचा तर तिला 12ए, 80जी, सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड लागतो. कालच स्थापन झालेल्या मंडळाने एचआर साहेबांकडे पैशाचा अर्ज घेऊन जाऊ नये. जागा मागावी, शिबिरासाठी एक हॉल, कॅन्टीनचा नाश्ता, कामगारांना तासाभराची सूट. हे सहज मिळतं. त्यातून ओळख झाली की तीन वर्षांनी पैशाची गोष्ट काढता येते.

80जीची पावती देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ती मुळीच मिळत नाही. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारक भावाने बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरले जात नाहीत. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे मात्र धरले जातात. त्याला एफसीआरए नोंदणी लागते, ती नसताना हजार रुपयेही घेऊ नका.

कोल्हापूरच्या दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग बघा. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटीला सुरुवात करून दिली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले, जागा दिली आणि उत्पन्नाची सोय लावून दिली. शंभराहून जास्त वर्षं झाली, नाव टिकून आहे. सुरुवातीलाच जागा, उत्पन्न आणि जबाबदार माणसं ठरलेली होती.

आपल्या मंडळाला राजाश्रय नाही, पण बोर्ड आहे. मस्जिदीच्या दाराशी, चपलांच्या रॅकच्या वर, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला एक कागद लावावा. तीन रकाने : वर्गणी, देणगी-सदका, जकात-फित्रा. प्रत्येकात मागची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक. खाली दोन सह्या, एक खजिनदाराची आणि एक अशा माणसाची जो मंडळाचा पदाधिकारी नाही. मदत घेणाऱ्याचं नाव नाही, फक्त कामाचं स्वरूप : ‘औषध’, ‘शाळेची फी’, ‘मय्यत गाडी’. हाच कागद हिंदीतही लिहावा, कारण खोल्या घेऊन राहणारे परगावचे कामगार वर्गणी देतात आणि त्यांतल्या पुष्कळांना मराठी वाचता येत नाही.